खाडीवाणीची अमावास्या

१

सदानंद गवाणकरांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या सोमवारी दुपारी त्यांनी सुनेच्या स्वयंपाकघरात भरतीची वेळ सांगितली.

दोह्याच्या अल गराफा भागातल्या त्या व्हिलामागच्या मशिदीत असरची, दुपार कलतानाची अजान नुकतीच संपली होती. नुपूर ओट्यापाशी भेंडी चिरत होती. खिडकीत सासूबाईंचा जुना रेडिओ नेहमीसारखा नुसता खरखरत होता. शशिकलाबाईंनी तो गावाहून नऊवारीत गुंडाळून आणलेला, आणि काटा कायम एकाच जागी, नव्वद पूर्णांक चार. दोह्यात त्या जागी काहीएक लागत नाही. पण गवाणकरांनी गावाकडे चालवलेल्या तिन्ही रेडिओ स्टेशनांचा तोच आकडा होता, म्हणून बाई ती खरखरसुद्धा ऐकत बसायच्या. कुणाला जपमाळ लागते, यांना खरखर लागायची, एवढंच.

तर ती खरखर एकाएकी थांबली. आणि मग आवाज आला.

"नमस्कार. खाडीवाणी, नव्वद पूर्णांक चार. मी सदानंद गवाणकर. आज सप्तमी. आंबेखाडीच्या तोंडाशी भरती सव्वापाचला. होड्या सांभाळून काढा."

नुपूरच्या हातातली सुरी फरशीवर पडली. तिने फ्रिजशेजारच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सप्तमीच होती. ती मागे वळली तर दारात सासूबाई उभ्या. चेहरा पांढराफटक, पण नवल वाटल्याची खूण नाही.

"तुलाही ऐकू आलं?" त्या म्हणाल्या. "चला, म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"आई, हे कधीपासून?"

"पौर्णिमा झाली तेव्हापासून. शुक्रवार-शनिवार सोडून रोज येतात. रोज पुढची तिथी." त्यांनी फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून तिच्यापुढे उघडा केला. आत स्टेशनाचे फोटो होते, एक जुनी किल्ली होती. "यांच्या आवाजाचा पेन ड्राइव्ह यात होता. तोही गेला. त्यांचा होता, त्यांनी नेला."

"असं काय बोलता!"

"तिथ्या संपत आल्यात, नुपूर. अमावास्येला मला घेऊन जाणार ते. मला कळतंय." बाईंच्या हातात पाटल्या नव्हत्या. त्या काढून त्यांनी नातीच्या, वल्लरीच्या नावाने डबीत घालून ठेवल्या होत्या. दोन दिवस ताटातलं अन्न का चिवडलं जातंय, हेही नुपूरला आत्ता उमगलं. "आणि मिहीरला यातलं अक्षर कळता कामा नये. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. तो मला डॉक्टरकडे नेईल, नाहीतर गावी पाठवेल."

बाहेर पोर्चमध्ये गाडीचं दार वाजलं. नुपूरचा नवरा मिहीर प्लांटवरून आला होता. नुपूरने सुरी उचलली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने भेंडी चिरायला लागली. 

२

साजिदा मुकादम म्हणजे त्या गल्लीतलं न्यायालय. मूळची रायगडची. इथे एका विमा कंपनीत दाव्यांची शहानिशा करायची. गाडी आपोआप पेटली, दागिने आपोआप हरवले, असं शपथेवर सांगणाऱ्या लोकांशी दिवसभर गाठ. त्यामुळे बाईंचा विश्वास कुणावरच नव्हता, आणि जीभ अशी की समोरच्याने घाम पुसावा. पण नुपूरला दुसरं होतं कोण? शपथ मिहीरला न सांगण्याची होती, साजिदाताईंना न सांगण्याची नव्हती.

साजिदाने चहात खारी बुडवत सगळं ऐकून घेतलं.

"हे बघ," ती म्हणाली, "एक तर भूत, नाहीतर तुझी सासू, नाहीतर दुसरं कुणी जिवंत माणूस. भुताने केलेला दावा अजून माझ्या टेबलावर आलेला नाही. तेव्हा त्याला तूर्त बाजूला ठेवू."

"आई असं करणार नाहीत, ताई. त्या खंगत चालल्यात."

"मग जिवंत माणूस. आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. अगं, परवान्याशिवाय रेडिओवर बोलणं म्हणजे काय थट्टा आहे? कुणी गल्लीत ट्रान्समीटर लावून बसलं असेल आणि सरकारी माणसं वास काढत तुमच्या दारात आली, तर मिहीरची नोकरी, तुमचा रहिवास, सगळं खलास."

नुपूरने हे मनातही आणलं नव्हतं. आता भुतावर पोलिसांची भर पडली. त्या मंगळवारीही आवाज आला, अष्टमी सांगून गेला.

बुधवारी असरच्या सुमारास साजिदाने आपली गाडी गवाणकरांच्या कंपाउंडच्या भिंतीबाहेर लावली आणि गाडीच्या रेडिओवर नव्वद पूर्णांक चार लावून बसली. आत नुपूर आणि सासूबाई खिडकीशी. अजान झाली. थोड्या वेळाने खरखर मेली.

"नमस्कार. खाडीवाणी, नव्वद पूर्णांक चार. मी सदानंद गवाणकर. आज दशमी. आंबेखाडीच्या तोंडाशी भरती साडेसातला..."

शशिकलाबाई किंचाळल्या. त्यांचं बोट कॅलेंडरवर होतं. "नवमी! आज नवमी आहे! यांची तिथी जन्मात चुकली नाही. उद्याची सांगतायत. घाई झालीय त्यांना." आणि त्या खालीच बसल्या. नुपूरने रेडिओ बंद केला, तर बाईंनी रडत रडत उठून पुन्हा लावला. "असू दे गं. तेवढाच आवाज उरलाय."

साजिदा पुढच्या दाराने आली. चपलांना वाळू, कपाळावर आठी. "बाहेर नुसती खरखर होती," ती हळूच म्हणाली. "शब्द नाही ऐकू आला. म्हणजे नुपूर, सरकारी माणसांची चिंता सोड. तो आवाज तुमच्या भिंतीबाहेर जातच नाही."

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं? म्हणजे जो कोणी हे करतोय तो भिंतीच्या आत आहे."

३

गवाणकरांच्या घराबाहेर रेडिओतलं कळणारा माणूस कतारमध्ये एकच होता. इलियास होडेकर. तो सदानंदांच्या हाताखाली वाढलेला. तिन्ही स्टेशनांची यंत्रं त्यानेच जोडली, आणि स्टेशनं मिटल्यावर कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालला येऊन मच्छीमारांच्या बोटींना रेडिओ बसवायचं दुकान टाकलं. गेल्या महिन्यात शशिकलावैनींना भेटायला म्हणून तो घरी येऊन गेला होता. डबा तेव्हा टेबलावरच उघडा होता, हे नुपूरला आठवलं.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दोघी गाडी काढून उत्तरेला निघाल्या. मिहीर घरी आईजवळ होता.  दुकानात शिरताच तिने पाहिलं, इलियासने घाईघाईने टेबलावरच्या कशावर तरी फडकं टाकलं. 

"भाऊंचा आवाज?" सगळं ऐकून इलियास मटकन स्टुलावर बसला. "वैनींनी ऐकला?"

"तू ऐकवलास का, ते विचारायला आलोय," साजिदा म्हणाली. हिचं असंच.

"अल्ला कसम, मी कशाला वैनींचा जीव घेईन? त्यांच्या हातचं जेवून मोठा झालो मी." त्याचे डोळे भरून आले. मग तो बोलायला लागला आणि थांबेचना. पहिलं स्टेशन आंबेखाडीत, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून. दुसरं वेळण्याला, शाळेच्या पडवीत. तिसरं कातळगावात, त्याचा मनोरा वादळात आडवा झाला. हरवलेली शेळी, बारशाचं आमंत्रण, कुणाच्या मयताची बातमी, सगळं शशिकलाबाई सांगायच्या. आणि पहाटे सदानंद भरती सांगायचे.

"रोज पहाटे उठून?" नुपूरने विचारलं.

इलियास ओलावल्या डोळ्यांनी हसला. "तेच तर कुणाला माहीत नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. दर पंधरवड्याला तेच. भाऊ एकदाच माइकसमोर बसले आणि तिथ्या बोलून ठेवल्या. मी कॅलेंडर बघून त्या त्या दिवशी लावायचा. गावाला वाटायचं, भाऊ अंधारात उठून येतात. भाऊ घरी घोरत असायचे! ते गेल्यावरही स्टेशन मिटेपर्यंत मी लावत राहिलो. खांदा देऊन आलेली माणसं दुसऱ्या दिवशी त्यांचाच आवाज ऐकून होड्या काढत होती."

"म्हणजे भूत नाही," नुपूर पुटपुटली. "त्या दिवसाची तिथी बघून कुणीतरी लावतंय."

"पण अमावास्येची नाही लावता येणार," इलियास म्हणाला. "ती भाऊंनी बोललीच नाही. अमावास्या वैनींची. त्या दिवशी त्या स्वतः बसायच्या. वैनी माइकसमोर यायच्या, मी मशीन चालू करायचा, आणि त्या घसा खाकरेपर्यंत हवेत शांतता जायची. स्टेशन चालू असलं आणि कुणी बोललं नाही, तर रेडिओची खरखर मरते ना? लोक म्हणायचे, वैनी आल्या."

साजिदाने चहाचा कप खाली ठेवला. "या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत?"

"एकच होती. ती वैनींच्या डब्यात."

"आणि फडक्याखाली काय आहे?"

इलियासने लाजत फडकं उचललं. खाली आंबेखाडीचा जुना माइक होता, जाळीला पोचे आलेला. मिटलेल्या स्टेशनाच्या भंगारातून त्याने तो न विचारता उचलून आणला होता. निघताना तो नुपूरला म्हणाला, "मिहीरदादाला सलाम सांगा. भाऊ गेले तेव्हा प्लांटचं शटडाउन होतं, सुटी मिळेना. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. रडला नाही हो. स्टेशनात जाऊन एकटाच केबली गुंडाळत बसला."

परतीच्या वाटेवर साजिदाने एकच प्रश्न विचारला. "तुमच्या घरात तिथी बघायला काय काय आहे?"

"ते एकच कॅलेंडर. दर दिवाळीला गावाहून येतं. का?"

"तुझी सासू त्याच्यावर बघते. इलियासही गावचंच कॅलेंडर बघतो, दुकानात टांगलंय, बघितलंस ना? त्यावर बुधवारी नवमीच आहे. मग दशमी कुणाकडे होती?"

४

सोमवारी चतुर्दशी होती. शशिकलाबाईंनी सकाळी न्हाऊन कोरं लुगडं काढून ठेवलं. उद्यासाठी. नुपूरने भरवायचा प्रयत्न केला तर दोन घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. "पोटात काही नसलेलं बरं असतं गं," म्हणाल्या. नुपूरला हुंदका आवरेना. आईविना वाढलेल्या तिला लग्नानंतर आई मिळाली होती ती ही, आणि तीच डोळ्यांदेखत निघाली होती.

साजिदाने दुपारी वल्लरीला गाठलं. नुपूरची लेक. वय सतरा, कानात कायम काहीतरी खुपसलेलं.

"वल्लरी, आजीच्या रेडिओशी तू खेळतेस?"

"व्हाय वुड आय?" वल्लरी चिडली. मग डोळे पुसले. "आजी खात नाहीये. मॉम कुछ बताती नहीं. आय ॲम स्केअर्ड, ओके?"

"तिथी तुला कळते?"

"तिथी? यू मीन लाइक गणपती? मी ॲप बघते ना. डॅडने टाकलंय, माझ्या फोनवर पण. आजोबांचं ते वर्षाचं... त्याची डेट मिस होऊ नये म्हणून."

"दाखव बरं. गेला बुधवार."

पडद्यावर दशमी होती. वर बारीक अक्षरात लिहिलेलं: दोहा.

नुपूर बघतच राहिली. साजिदाने तिला बाजूला घेतलं. "सूर्य उगवताना जी तिथी, ती त्या दिवसाची. बरोबर? कोकणात सूर्य उगवतो, त्यानंतर दीडेक तासाने इथे. मधल्या वेळात नवमी संपली असली तर तिकडे नवमी आणि इकडे दशमी. मरून गेलेला माणूस आंबेखाडीची भरती सांगताना दोह्याची तिथी कशाला बघेल? हे ॲप बघणारे या घरात दोघंच. तुझी लेक, आणि..."

"नको," नुपूर म्हणाली. "पुढे बोलू नका."

"वल्लरी, बाबा कामावरून किती वाजता येतात गं?"

"असरच्या आसपास. बट ही सिट्स इन द कार फॉर एजेस. ऑफिस कॉल्स."

 महिन्यापूर्वी मिहीर सहज म्हणाला होता, "आईला इथे करमत नाही. गावी बरं वाटेल का तिला, विचारू या का?" तिने तेव्हा विषय टाळला होता. आता त्या वाक्याला दात फुटले. शुक्रवारी-शनिवारी त्याला सुटी, आणि त्याच दोन दिवशी आवाज नाही. इतकी वर्षं ज्याच्यासोबत संसार केला तो माणूस स्वतःच्या आईला भीती घालून हाकलतोय? संध्याकाळी मिहीर जेवायला बसला, आईच्या पानात मायेने तूप वाढायला लागला, आणि नुपूर त्याच्या हातांकडे बघत राहिली. तिला नवऱ्याची भीती वाटत होती. भुताची वाटली नव्हती एवढी.

५

मंगळवारी साजिदा सुटी टाकून आली. "आजचा दिवस तोंडाला कुलूप," तिने नुपूरला बजावलं. "मला डोळ्यांनी बघायचंय. संशयावर मी कुणाचा दावा फेटाळत नाही."

शशिकलाबाई कोरं लुगडं नेसून खिडकीशी बसल्या होत्या. हात मांडीवर. रेडिओ खरखरत होता. एसीची घरघर, वर एक्झॉस्टचा पंखा. अजान झाली आणि संपली. नुपूरने सासूबाईंचा हात धरला, तो बर्फासारखा होता.

खरखर थांबली.

तिघीही श्वास रोखून बसल्या. आता नमस्कार येईल, आता येईल. काहीच आलं नाही. नुसती शांतता, आणि ती संपेना. त्या आवाजाने जेवढी भीती घातली नव्हती तेवढी या गप्पपणाने घातली. नुपूरला वाटलं, ओरडावं.

"आले," शशिकलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मान एका बाजूला कलली.

"आई!" नुपूर किंचाळली.

साजिदाने बाईंच्या नाकाशी हात धरला, मग खांद्याला धरून हलवलं, चांगलं गदागदा. "मावशी, डोळे उघडा! तुम्हीच सांगा, अमावास्येची टेप आहे का? नाही ना? मग तो लावणार काय? स्टेशन चालू आहे आणि माइकवर कुणी नाही, म्हणून ही शांतता. तुम्हाला न्यायला कुणी आलेलं नाही. उठा. यल्ला, चला माझ्याबरोबर."

तिने मागचं दार उघडलं. पोर्चमध्ये, स्वयंपाकघराच्या दुधी काचेच्या खिडकीला अगदी खेटून, मिहीरची गाडी उभी होती. इंजिन चालू, काचा वर. सिगरेट पेटवायच्या सॉकेटमध्ये एक बोटभर वस्तू लुकलुकत होती. तसली वस्तू दोह्यातल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. पेन ड्राइव्ह खोचायचा आणि रिकाम्या आकड्यावर गाडीच्या रेडिओतून गाणी ऐकायची. आत मिहीर स्टीअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. पन्नाशीला आलेला तो धिप्पाड माणूस हमसून हमसून रडत होता.



"बुधवारी भिंतीपलीकडून मला इंजिनाचा आवाज आला होता," साजिदा तिच्या कानाशी म्हणाली. "कॉलवर बोलणारा माणूस तिथीचं ॲप कशाला बघेल? हा रोज घरात शिरायच्या आधी बापाला भेटत होता. ज्या दिवसाची तिथी, तेवढीच ऐकायचा. एकदम सगळ्या ऐकल्या तर बाप संपेल ना! आणि आकडा कुठला लावणार? गवाणकरांच्या पोराला दुसरा आकडा सुचणारच नाही. आत त्याच आकड्यावर त्याची आई बसलेली. त्या वस्तूचा आवाज जेमतेम खिडकीपर्यंत पोचतो, तो पोचत राहिला. त्याला पत्ताच नाही, नुपूर. तुम्ही त्याला सांगितलंत कुठे?"

नुपूरला स्वतःची लाज वाटली. कालचा तो तुपाचा चमचा आठवून तिला रडू फुटलं.

शशिकलाबाई मात्र चालत गाडीपर्यंत गेल्या होत्या. त्यांनी काचेवर बोट वाजवलं. मिहीर दचकला, घाईघाईने तोंड पुसायला लागला, हात पेन ड्राइव्हकडे गेला.

"आई, मी तो डब्यातून... तुला सांगणार होतो. मी बाबांना शेवटचं..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सरक."

पण सरकायला जागा नव्हती, म्हणून त्या पलीकडून वळून त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. दार उघडंच राहिलं.

"आज काहीच नाही गं त्यावर," मिहीर लहान पोरासारखा म्हणाला. "चतुर्दशी झाली की पुढे रिकामं आहे. अमावास्येला बाबा नाहीतच."

"नसायचेच. तो दिवस माझा. तू इकडे दोह्यात होतास, तुला काय ठाऊक?" शशिकलाबाईंनी समोरच्या काचेकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि घसा खाकरला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा तो आवाज निघाला, तिन्ही गावांना ओळखीचा असलेला.

"नमस्कार. खाडीवाणी, नव्वद पूर्णांक चार. मी शशिकला गवाणकर. आज अमावास्या. आंबेखाडीच्या तोंडाशी भरती सव्वाअकराला. उधाण आहे. आज कुणी कुठे जायचं नाही. सगळ्यांनी घरीच थांबा."

मिहीरने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाई त्याला थोपटत राहिल्या, आणि मग उघड्या दारातून त्यांनी हाक मारली, "नुपूर, भात टाकलायस का गं? मला भूक लागलीय."